बाटली क्रमांक सात

त्या सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता प्रयोगशाळेत पुढील गोष्टी होत्या: फ्रिज दोन, त्यांपैकी थंड करणारा एक, काचेच्या बशा सेहेचाळीस, त्यांपैकी जांभळ्या झालेल्या शून्य, विद्यार्थी नऊपैकी आठ, त्यांपैकी जागे सात, आणि बोम्मसंद्र्याहून आणलेल्या पाण्याच्या बाटल्या बारा. ही मोजणी गौरीने केली. कुठल्याही खोलीत शिरल्यावर आधी मोजायचे आणि मग बोलायचे, ही तिची शाळेपासूनची सवय. तिचे मोजून होईपर्यंत बहुधा दुसरेच कोणीतरी बोलून गेलेले असे.

मल्लेश्वरममधल्या त्या कॉलेजात जैवतंत्रज्ञानाच्या शेवटच्या वर्षाची ही नऊ मुले एक जिवाणू घडवत होती. एका गरीब, निरुपद्रवी जिवाणूत दुसऱ्या जिवाणूचे जनुक बसवायचे. मग पाण्यात क्रोमियम नावाचा धातू असला की तो जिवाणू जांभळा पडेल आणि नसला की पांढरा राहील, अशी योजना होती. प्रकल्पाचे नाव 'नीरसाक्षी'. एका आंतरराष्ट्रीय विद्यार्थी स्पर्धेत त्याची नोंदणी झाली होती आणि अंतिम फेरीसाठी नऊही जणांची विमानाची तिकिटे निघाली होती. चार महिन्यांत साक्षीदाराने मात्र तोंड उघडले नव्हते. क्रोमियम घातले तरी पांढरा, नाही घातले तरी पांढरा. फक्त बाटली क्रमांक सातमधले पाणी घातले की तो पांढराही राहत नसे. मरत असे. गौरीने तीनदा करून पाहिले. तिन्ही वेळा मेला.

बाटली क्रमांक सात शिवलीला अक्कांची. अक्का मूळच्या निपाणीकडच्या. बावीस वर्षे शहराच्या टोकाच्या बोम्मसंद्र्यात कारखान्यांच्या मागच्या गल्लीत खानावळ चालवत होत्या. दोन्ही वेळचे मिळून त्रेचाळीस कामगार त्यांच्याकडे जेवत. गल्लीत घरोघरी बोअरवेल होत्या, अक्कांचीही होती. आणि गेली दोन वर्षे तिच्या पाण्यात शिजवलेला भात हळद न घालता पिवळा येत होता. बाटली देताना त्यांनी एक अट घातली होती.

"पानी नेतीस ते ने," त्या गौरीला म्हणाल्या होत्या, "पर प्यायचं का न्हाई, ते सांगायला ये. फोन केलास तरी सरी, चालंल."

"सांगते, अक्का," गौरी म्हणाली होती, आणि तिने ते वहीत तारखेसह लिहून ठेवले होते.

सोमवारीच स्पर्धेचे नवे नियम आले. क्षितिज हा संघनायक. पुण्याहून शिकायला आलेला, उत्साही, आणि प्रयोगशाळेत शक्यतो न दिसणारा. तो लॅपटॉप उघडूनच आत आला.

"गाईज, गुड न्यूज. जिवाणू चालला नाही तरी चालतंय. नवीन स्कीममध्ये सायन्सला वीस मार्क आहेत. पब्लिक एंगेजमेंट प्लस एथिक्सला पन्नास."

"उरलेले तीस?" गौरीने विचारले.

"वेबसाइटला."

प्रकल्पाचे मार्गदर्शक उमाकांत सर. एका सरकारी संशोधन संस्थेत त्यांनी तेहेतीस वर्षे काढली होती आणि त्या काळात त्यांच्या टेबलावरून एकही कागद घाईने पुढे गेला नव्हता. त्यांनी नियम शांतपणे वाचले आणि चष्मा पुसला.

"विज्ञान काय, सगळ्यांकडेच असतं," ते म्हणाले. "समाज कोणाकडे आहे?"

"आपल्याकडे बारा जण आहेत, सर," क्षितिज म्हणाला.

"जपा त्यांना."

त्याच दुपारी गौरीची बदली प्रयोगाच्या टेबलावरून लोकसहभाग विभागात झाली. तिला मराठी येत होती, कामापुरती कन्नड येत होती, आणि क्षितिजच्या शब्दांत, जिवाणूंपेक्षा माणसे तिच्याशी जास्त बोलत. पहिले काम म्हणजे अकरा पानी संमतिपत्र आणि चौतीस प्रश्नांची प्रश्नावली मराठीत करून ती बारा जणांकडून भरून घेणे. गुरुवारी ती आणि क्षितिज अक्कांच्या खानावळीत पोचले, तेव्हा अक्का भाकऱ्या थापत होत्या.

"जनुकीय बदल केलेल्या जिवाणूंवर तुमचा किती विश्वास आहे?" गौरीने वाचले. "एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्ण."

"कुनावर?"

"जिवाणूंवर, अक्का. पाण्यात सोडायचे."

"माझ्या पान्यात?"

"बाटलीतल्या."

"मग सोडलं न्हवं का? काय झालं?"

गौरीने क्षितिजकडे पाहिले. क्षितिज पुढे सरकला. "आंटी, ते आत्ता डिस्क्लोज नाही करता येणार. आधी तुमचा ट्रस्ट मोजायचाय. रिझल्ट कळला की ट्रस्ट हलतो."

अक्कांनी भाकरी तव्यावर टाकली आणि हात झटकले. "म्हंजे पानी कसलं हाय ते तुम्ही सांगनार न्हाई, आन् तुमच्यावर विश्वास किती म्हनून मला इचारनार."

"करेक्ट," क्षितिज म्हणाला. अकरा पानी संमतिपत्राचा आशय कोणी एका वाक्यात सांगताना त्याने पहिल्यांदाच ऐकला होता.

"मग एक लिव्ह."

बाकीच्या अकरा जणांनी, शहरातून मुले आली आहेत तर उगाच कशाला मन मोडा, अशा विचाराने चार आणि पाच लिहिले. प्रश्नावल्या पूर्ण भरल्या गेल्या. निघताना क्षितिजने अक्कांचा भाकरी उलटतानाचा फोटो काढला. तो संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर लागला, आणि त्याखाली 'समाज' असे लिहिले गेले.

गौरी दुसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत गेली. जिवाणू बाटली सातमध्ये तीनदा मेला आहे, एवढे तरी अक्कांना सांगू द्यावे, अशी तिची विनंती होती. सर म्हणाले, तोंडी नको, नीतिसमितीकडे अर्ज कर. नीतिसमिती त्याच आठवड्यात स्थापन झाली होती आणि तिचे अध्यक्ष उमाकांत सरच होते. यात कोणाला हितसंबंधांचा संशय येऊ नये म्हणून सरांनी काटेकोर पद्धत घालून घेतली होती: मार्गदर्शक या नात्याने ते टेबलाच्या अलीकडे बसून अर्ज पुढे पाठवत, मग उठून पलीकडच्या खुर्चीत जात आणि तो अध्यक्ष या नात्याने वाचत. समितीचे स्वातंत्र्य सिद्ध करण्यासाठी त्यांनी पहिल्याच दिवशी स्वतःचा एक अर्ज फेटाळला होता.

गौरीचा अर्ज त्यांनी अलीकडे बसून शिफारशीसह पाठवला आणि पलीकडे बसून नामंजूर केला.

"आपली चाचणी अजून सिद्ध झालेली नाही," ते म्हणाले. "असिद्ध चाचणीचा निकाल सांगणं अनैतिक. त्यातून शिवलीलाबाईंनी प्रश्न सत्तावीसमध्ये आपली चिंता पाचपैकी दोन लिहिली आहे. तू सांगितलंस की ती वाढणार."

"पण सर, त्या तेच पाणी पिताहेत."

"त्या आधीपासून पिताहेत. म्हणजे तो आपल्या प्रयोगाचा परिणाम नाही. आपण सांगितलं आणि त्यांना झोप लागली नाही, तर मात्र तो आपल्या प्रयोगाचा परिणाम. फरक लक्षात घे."

गौरीने फरक लक्षात घेतला. मग ती म्हणाली, "खाली रसायनशास्त्र विभागात धातू मोजायचं यंत्र आहे. त्याची चाचणी सिद्ध आहे. दहा मिनिटांचं काम."

"संमतिपत्र काय म्हणतं?"

"नमुना जिवाणू-आधारित अभ्यासासाठी वापरला जाईल."

"मग? बाईंनी आपल्या पाण्याला जिवाणूंसमोर जायची संमती दिलेली आहे. यंत्रासमोर नाही. ती हवी असेल तर सुधारित संमती घ्यावी लागेल, आणि सुधारित संमतीआधी नियमाप्रमाणे लोकसंवाद."

एवढे बोलून सरांनी अर्ज बाजूला ठेवला, आणि पुन्हा उचलला. त्यांची नजर दुसऱ्या परिच्छेदावर अडली होती.

"तीनदा मेला? एकाच पाण्यात?"

"हो, सर. खात्री करायला तीनदा करावंच लागतं."

"पहिल्यांदा मेल्यावर थांबली का नाहीस?"

गौरीला प्रश्न कळायला वेळ लागला. तोवर ठराव लिहून झाला होता. सदर पाण्यामुळे सजीवांस अनावश्यक क्लेश व मृत्यू संभवत असल्याचे निदर्शनास आल्याने, जिवाणूंच्या हितास्तव, बाटली क्रमांक सातमधील पाणी यापुढे कोणत्याही सजीवावर वापरण्यास मनाई करण्यात येत आहे. संध्याकाळपर्यंत बाटलीच्या बुचावर लाख लागली आणि लाल अक्षरांत चिठ्ठी डकवली गेली: 'सजीवांसाठी वापरू नये. आदेशावरून, नीतिसमिती.'

"सर," गौरीने विचारले, "अशीच एक चिठ्ठी बोअरवेलवर लावता येईल का?"

सरांनी खरोखर विचार केला. "बोअरवेल आपल्या कार्यक्षेत्रात येत नाही," ते म्हणाले.

क्षितिजला हे कळले तेव्हा तो इतका खूश झाला की प्रयोगशाळेत आला. जिवाणू कल्याण हा विषय जगातल्या दुसऱ्या कुठल्याच संघाच्या डोक्यात आला नव्हता. संकेतस्थळावर त्याचे वेगळे पान झाले. तीन प्रयोगांत मरण पावलेल्या जिवाणूंसाठी एक मिनिट शांतता पाळण्यात आली. गौरीने घड्याळ लावले होते. शांतता बावन्न सेकंद भरली.

लोकसंवाद दोन आठवड्यांनी, मल्लेश्वरममधल्या एका सभागृहात झाला. संवाद बोम्मसंद्र्यातल्या लोकांशी असला तरी बोम्मसंद्र्यात एवढा मोठा पडदा नव्हता. अक्का सकाळचा स्वयंपाक उरकून दोन बस बदलून आल्या. रात्रीचे जेवण त्यांनी शेजारणीवर सोपवले होते. उपस्थिती दोनशे बारा. त्यांतले एकशे अठ्ठ्याण्णव त्याच कॉलेजचे विद्यार्थी होते आणि त्यांना त्याबद्दल हजेरी मिळणार होती. क्षितिजने जांभळा कुर्ता घालून जिवाणूची भूमिका केली. कुर्ता जांभळा झाला, हे प्रकल्पातले पहिले यश होते.

अक्कांना मंचावर मधोमध बसवले होते. प्रत्येक पाहुण्यासमोर शुद्ध पाण्याची एकेक बंद बाटली होती. सत्कार झाला, आणि मग अक्कांच्या हातात माईक आला. हात भाकरीच्या पिठाने भरलेला असावा तसा त्यांनी तो जरा लांब धरला.

"मला एकच इचारायचंय," त्या म्हणाल्या. "ते पानी प्यायचं का न्हाई?"

टाळ्या एक मिनिट दहा सेकंद चालल्या, म्हणजे जिवाणूंच्या शांततेपेक्षा अठरा सेकंद जास्त. उमाकांत सर उठून उभे राहिले. "समाजानं विज्ञानाला विचारायचा प्रश्न तो हाच," ते भरल्या आवाजात म्हणाले, आणि आभारप्रदर्शनासाठी क्षितिजला बोलावले.

सभागृह रिकामे झाल्यावर अक्का गौरीजवळ आल्या.

"त्यास्नी ऐकू आलं न्हाई का गं?"

"आलं, अक्का."

"मग?"

सुधारित संमतिपत्राचा मसुदा तयार होता, पण त्याला समितीची मंजुरी हवी होती, आणि समितीची पुढची बैठक स्पर्धा संपल्यावर होती. गौरीने तसे सांगितले. अक्कांनी ऐकून घेतले. मग त्या मंचावर परत गेल्या आणि पाहुण्यांनी एकेक घोट घेऊन ठेवलेल्या बाटल्यांची बुचे घट्ट करून पिशवीत भरू लागल्या.

"त्रेचाळीस जनांना पुरायचं न्हाई," त्या म्हणाल्या, "पर स्वल्प तर स्वल्प."

गौरीने मोजल्या. अकरा होत्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती बाटली क्रमांक सात ओढणीखाली घेऊन रसायनशास्त्र विभागात उतरली. यंत्र सांभाळायला मल्लाप्पा अण्णा होते. अथणीकडचे, एकोणीस वर्षे त्याच यंत्रापाशी. त्यांनी चिठ्ठी मन लावून वाचली.

"हे सजीवांसाठी वापरायचं नाही म्हणून लिवलंय की, म्याडम."

"यंत्र सजीव नाही, अण्णा."

मल्लाप्पांनी यंत्राकडे पाहिले, जणू त्यालाही काही म्हणायचे असेल. "सरी," ते म्हणाले, आणि लाख फोडली.

काम नऊ मिनिटांत झाले. मल्लाप्पांनी आकडा बसच्या तिकिटामागे लिहिला, भिंतीवरच्या तक्त्यात पिण्याच्या पाण्याची मर्यादा पाहिली, आणि पाणी पुन्हा यंत्राला लावले. आकडा तोच आला.

"कुणाच्या घरचं पाणी हे?"

"त्रेचाळीस जणांच्या," गौरी म्हणाली, आणि जिन्यातच उभी राहून तिने फोन लावला.

"अक्का, पिऊ नका. भातालाही घेऊ नका."

पलीकडे खानावळीतली गडबड चालू होती. "कवा कळलं?"

"आत्ताच मोजलं."

"मोजायला किती येळ लागला?"

"नऊ मिनिटं."

मग पाणी मोरीत ओतल्याचा आवाज आला. मोठे भांडे असावे; बराच वेळ येत राहिला.

त्या रात्री खानावळीत टँकरच्या पाण्यावर भात शिजला. पांढरा आला.

नीतिसमितीची बैठक, जी स्पर्धा संपल्याशिवाय होणे शक्य नव्हते, ती चोवीस तासांत झाली. लाख फोडणे, मंजुरीविना यंत्र वापरणे आणि सहभागी व्यक्तीस माहिती पुरवणे, अशी तीन कलमे गौरीवर होती. तिने तिन्ही मान्य केली. बचाव म्हणून तिने वहीतले तारखेचे पान दाखवले. सरांनी ते वाचले, आणि क्षणभर कुठल्या खुर्चीत बसून वाचतो आहोत हे त्यांच्या लक्षात राहिले नसावे.

"माणूस म्हणून मी तुझ्याशी सहमत आहे, गौरी," ते म्हणाले. मग त्यांनी खोलीत तिसरी खुर्ची नसल्याची खात्री करून घेतली आणि निर्णयावर सही केली.

गौरीचे तिकीट रद्द झाले. उरलेल्या अकरा बाटल्यांना, त्याच गल्लीतल्या अकरा घरांच्या, दुहेरी लाख लावण्यात आली. सहभागी क्रमांक सात यांना आपल्या पाण्याविषयी माहिती झाल्याने त्यांचे मत पूर्वग्रहदूषित ठरले, आणि त्यांची प्रश्नावली अभ्यासातून वगळण्यात आली. त्यामुळे प्रकल्पावरील समाजाचा सरासरी विश्वास ४.०८ वरून ४.३६ झाला. लोकसहभाग गटात संघाला सुवर्णपदक मिळाले. बक्षीस घेताना मागच्या पडद्यावर भाकरी उलटणाऱ्या अक्का होत्या.

गौरी जे. पी. नगरच्या आपल्या घरी आठ दिवस बसून राहिली आणि मग तिने लेख लिहिला. शहरातल्या मराठी मंडळाचा वार्षिक अंक निघायचा. त्याच्या एकोणीसशे प्रती पार पुण्या-नाशिकपर्यंत जात. तिने लेखात आकडा दिला, मर्यादा दिली, गल्लीचे नाव दिले आणि ज्यांच्या बाटल्या अजून बंद आहेत त्या अकरा घरांचा उल्लेख केला. समित्यांना प्रश्न पडत नसले तरी वाचणाऱ्या माणसांना पडतील, आणि त्यांनी विचारल्यावर कोणालातरी त्या बाटल्या उघडाव्या लागतील, असा तिचा हिशेब होता.

अंकाच्या संपादक अलकाताई, म्हणजे उमाकांत सरांच्या पत्नी. त्यांनी स्वतः फोन केला.

"काय ओघवतं लिहितेस गं. त्या अक्का तर डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. मी फक्त तो आकडा काढलाय हं. आणि गल्लीचं नाव."

"अलकाताई, लेख आकड्यासाठीच लिहिलाय."

"अगं, आकडा आला की वाचक पान उलटतो. लोकांना गोष्ट हवी असते. आणि ज्याला आकडा हवाय तो विचारेल की. खाली तुझा फोन नंबर आणि मंडळाचा पत्ता देतेय ना."

हे गौरीला पटले. ज्याला हवा असेल तो विचारेल. अंक निघाला, लोकांनी वाचला, एकमेकांना पाठवला. दोन महिन्यांत पत्रे, फोन आणि निरोप मिळून शहाऐंशी प्रतिसाद आले. तिने ते सगळे वाचले, ऐकले आणि वहीत वर्गवारी केली.

लेखनशैली आवडल्याचे कळवणारे एक्कावन्न. भाकरीच्या वर्णनाने आपल्या गावची आठवण झालेले बावीस. अक्कांची भाकरी घरपोच मिळेल का, असे विचारणारे नऊ. समित्यांची चांगली जिरवलीत, असे म्हणणारे चार. पाण्यात किती निघाले, असे विचारणारे शून्य.